कमी मिठाचं लोणचं फेसाळलं : मीठ काढलं की नेमकं काय बिघडतं?

चिमूटभर | ४ मे, रात्री ९:४०

सासूबाईंना बीपी निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, दिवसाचं एकूण मीठ पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा. त्यात पोळी, भाजी, आमटी सगळं आलं. लोणचं, पापड, फरसाण बंद. आता आमच्याकडे जेवणाच्या ताटात डावी बाजू रिकामी म्हणजे जेवणच झालं नाही. म्हणून मी हुशारी केली. किलोभर लिंबांना एरवी पाव किलो मीठ घालतो, त्याऐवजी साठ ग्रॅम घातलं. बाकी सगळं तेच. धुऊन पुसून कोरडी केलेली लिंबं, उकळून वाळवलेली बरणी, वर दादरा.

बाराव्या दिवशी दादरा सोडला तर वर फेस, कडेला पांढरट साय, आणि वास ताडीसारखा. सासूबाईंनी लांबूनच विचारलं, "मीठ चोरलंस ना?"

माझा प्रश्न वेगळाच आहे. दुकानात हल्ली 'लो सॉल्ट' लिहिलेली लोणची, सॉस, चीज, हॅम सगळं मिळतं. ती महिनोन्महिने टिकतात. मग माझंच का फेसाळलं? आणि ती टिकतात म्हणजे त्यात नेमकं काय घातलेलं असतं?

जुनाजाणता | ४ मे, रात्री १०:१५

हा धागा पाककृती विभागात हलवावा. आमच्या आईने आयुष्यभर किलोला पाव किलो मीठ घातले, ती ८९ वर्षे जगली. लोणच्यात मीठ कमी करणे म्हणजे भिंतीतल्या विटा काढून घर हलके करणे.

अपर्णा. | ४ मे, रात्री ११:०२

माझ्याकडे वर बुरशी आली की मी वरचा थर काढते, खालचं चांगलं असतं. तेल जास्त घाला, सोपं आहे.

कारखानीस | ५ मे, सकाळी ७:२०

जुनाजाणता, विटांचं उदाहरण मी नोकरीवरच्या पोरांना सांगायला उचलतोय. तेवीस वर्षं फूड प्रोसेसिंगच्या क्वालिटीत काढली, त्यात लोणची आणि सॉस मिळून अकरा. थोडं सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

मीठ जंतूंना मारत नाही. ते त्यांचं पाणी तोडतं. पदार्थात पाणी किती आहे याला महत्त्व नाही, त्यातलं जंतूंच्या वाट्याला किती येतं याला आहे. त्याला आम्ही वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणतो. शुद्ध पाण्याची १, आणि मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घातलेल्या पाण्याची ०.७५. पदार्थ नासवणारे बहुतेक जीवाणू ०.९१ च्या खाली वाढत नाहीत, बहुतेक यीस्ट ०.८८ च्या खाली थांबतात, बुरश्या मात्र ०.८० पर्यंत तग धरतात.

आता चिमूटभरताईंची बरणी. किलोभर लिंबात साधारण साडेआठशे ग्रॅम पाणी धरा. पाव किलो मीठ घातलं की त्या पाण्यातलं मीठ होतं २५० भागिले ११००, म्हणजे जवळपास २३ टक्के. वॉटर ॲक्टिव्हिटी ०.८१ च्या आसपास. यीस्ट गप्प, जीवाणू गप्प. साठ ग्रॅम घातलं की ६० भागिले ९१०, साडेसहा टक्के. वॉटर ॲक्टिव्हिटी ०.९६. यीस्टला हे आमंत्रणच. साखर आहे, आंबटपणा त्याला चालतो, पाणी मोकळं झालं. फेस म्हणजे त्याने सोडलेला कार्बन डायऑक्साइड, आणि ताडीचा वास का आला ते तुम्हीच ओळखलंत.

मीठ चौथाई केलंत, पण धोका चौपट झाला असं समजू नका. तो हळूहळू चढत नाही. एक उंबरठा असतो. त्याच्या अलीकडे बरणी वर्षभर शांत, पलीकडे बारा दिवसांत फेस.

दुकानातलं का टिकतं? कारण तिथे मीठ काढलं की दुसरं काहीतरी आत येतं. व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड वाढवतात, बाटली भरून गरम करतात, सोडियम बेन्झोएट घालतात (ते आंबट पदार्थातच नीट काम करतं), आणि लेबलवर बारीक अक्षरात 'उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा'. नुसत्या मिठाच्या पाण्यातलं लोणचं विकायचं असेल तर आपल्याकडच्या नियमात किमान १२ टक्के मीठ लागतं. व्हिनेगरमधलं असेल तर हिशेब आंबटपणावर जातो, किमान २ टक्के ॲसिटिक ॲसिड. यात जर्मनीच्या लोथार लाइस्टनर यांचं काम मोठं. पदार्थ एकाच उंच भिंतीने नाही, छोट्या छोट्या अडथळ्यांच्या रांगेने सांभाळायचा, ही त्यांची मांडणी. आम्ही रोज तेच करतो.

अपर्णाताई, बुरशी काढून खालचं खाऊ नका. बुरशी लोणच्यातलं आम्ल खाते. ती वाढली की तिच्या आजूबाजूचा आंबटपणा उतरतो आणि जे जंतू आंबटामुळे बाहेर ताटकळत होते त्यांना दार उघडतं. तेलाचं उत्तर वेगळं लिहितो, ते महत्त्वाचं आहे.

अपर्णा. | ५ मे, सकाळी ८:०५

बाप रे. बरणी आत्ताच रिकामी केली.

सुकटबोंबील | ५ मे, दुपारी १:३०

आमच्याकडे मालवणात मासळीचा हाच हिशेब, फक्त वजनकाटा नाही, हात आहे. बांगडा पाठीकडून चिरायचा, पोट साफ काढायचं, गालफडात, पोटात, सगळीकडे मीठ दाबून भरायचं आणि थर लावून ठेवायचा. आजी म्हणायची, "पोटात मीठ गेला नाय तर बांगडो आतून कुसता." वरून कितीही मीठ चोपडा, आतडी राहिली तर आत मीठ पोचेपर्यंत आतलं काम झालेलं असतं.

आणि जास्त मीठ घातलं तरी मासळी कधी कधी लाल पडते. खारा बांगडा किंवा सुरमई पावसाळ्यात उघडी राहिली की गुलाबी-लाल डाग येतात, चिकट होते. मग ते कोण? मीठ एवढं असताना?

कारखानीस | ५ मे, दुपारी ३:१०

तो मिठागरातून मिठाबरोबरच आलेला पाहुणा. मिठाशिवाय जगूच न शकणारे सूक्ष्मजीव असतात, हॅलोबॅक्टेरियम वगैरे, रंगाने लाल. मिठागरं सुकत आली की पाणी गुलाबी दिसतं ते बऱ्याचदा यांच्यामुळेच. माणसाला ते आजारी पाडत नाहीत, पण मासळी वाया घालवतात. म्हणून मीठ कोरडं, थंड जागा, आणि मासळीत ओल नको.

आजीचं पोटाचं वाक्य मात्र फार मोठं आहे. १९९१ साली इजिप्तमध्ये वसंताच्या सणाला खातात ती फसीख नावाची खारवलेली मासळी खाऊन ९१ जण इस्पितळात गेले, १८ मेले. बोट्युलिझम, म्हणजे जंतूच्या विषाने होणारा लकवा. मासे पोट न काढता खारवलेले होते.

तोक्योकर | ५ मे, संध्याकाळी ६:४५ (तुमच्याकडची वेळ)

इथे जपानात हा विषय तुमच्या बरणीपेक्षा दहा पावलं पुढे गेलाय, आणि त्याची किंमतही मोजून झाली आहे.

इका शिओकारा म्हणजे माकुल (स्क्विड) कापून त्याच्याच यकृताबरोबर मिठात मुरवतात. दिसायला भयंकर, भाताबरोबर मात्र झकास. जुन्या पद्धतीत दहा टक्क्यांच्या वर मीठ, कधी वीसपर्यंत. मुरायला आठवडे. मग लोकांना कमी खारट हवं झालं, बीपीचं तर इथे फार मनावर घेतात. कारखान्यांनी मीठ खूप उतरवलं, मुरवायचे दिवसही उतरवले, चव बाहेरून घातली. नाव तेच राहिलं, डबी तीच राहिली.

२००७ च्या सप्टेंबरात मियागी प्रांतात बनलेल्या अशा शिओकारामुळे सहाशेहून जास्त लोक आजारी पडले. जंतू व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस. हा समुद्रातला. त्याला तीन टक्के मीठ म्हणजे घर, आणि दहा टक्क्यांच्या वर तो वाढत नाही. म्हणजे मीठ कमी करताना त्या लोकांनी नुसतं कुंपण काढलं नाही, मिठाचं प्रमाण थेट त्याच्या आवडीच्या जागेकडे आणून ठेवलं. आणि शिओकारातून असं काही होईल अशी कुणाला शंकाच नव्हती, कारण शतकानुशतकं झालं नव्हतं.

दुसरी गोष्ट २०१२ ची, साप्पोरोची. आसाझुके म्हणजे कोबीसारख्या हाकुसाईला हलकं मीठ लावून एक-दोन दिवसांत खायचं 'लोणचं'. आंबवत नाहीत, फारसं आंबट नाही, फारसं खारट नाही. भाजी नीट निर्जंतुक झाली नव्हती आणि ई. कोलाय ओ-१५७ आत गेला. १६९ जण आजारी, ८ मृत्यू, आजाऱ्यांत बरेचसे वृद्धांच्या निवासातले. मुरलेल्या लोणच्यात आंबट आणि मीठ मिळून पुढची राखण तरी करतात. इथे भाजी धुण्यात चूक झाली की मागे कुणीच नव्हतं.

लोणचं हा शब्द ऐकला की टिकाऊ, असं आपण गृहीत धरतो. फसायला होतं ते इथेच.

जुनाजाणता | ५ मे, रात्री ८:२०

म्हणजे मी जे पहिल्या दिवशी म्हटले तेच सिद्ध झाले. मीठ कमी करण्याच्या नादात माणसे मेली. दक्षिण आफ्रिकेतही तेच. तिथे सरकारने मिठावर कायदा केला आणि लगेच पोलोनी सॉसेज खाऊन दोनशेवर माणसे गेली. मुलगा जोहान्सबर्गला आहे, त्याने सांगितले.

कारखानीस | ५ मे, रात्री ९:५०

इथे मात्र थांबा, जुनाजाणता. क्रम बरोबर आहे, नातं बरोबर नाही.

दक्षिण आफ्रिकेचा मिठाचा कायदा २०१३ चा, लागू झाला २०१६ च्या जूनपासून. पोलोनीतून आलेली लिस्टेरिया या जंतूची साथ २०१७-१८ ची. १०६० रुग्ण, २१६ मृत्यू. एकामागून एक झालं म्हणून पहिल्यामुळे दुसरं झालं असं नाही. तपास येऊन थांबला तो कारखान्यातल्या दूषित जागेवर. आणि लिस्टेरिया हा मिठाला भीक घालणारा जंतूच नाही. दहा टक्के मिठातही तो वाढू शकतो, फ्रिजच्या थंडीतही वाढतो. पोलोनीतलं दोन-अडीच टक्के मीठ त्याला आधीही अडवत नव्हतं. अर्धा टक्का इकडे तिकडे झाल्याने वाढीचा वेग थोडा बदलतो, बस. तिथे लढाई मिठाची नसते, फरशी, गटार, स्लायसर आणि शिजवल्यानंतर लागणाऱ्या हातांची असते.

कोणता पदार्थ, कोणता जंतू हे आधी सांगा, मगच मिठाचं बोलू. व्हिब्रिओला अडवायला दहा टक्के पुरतं. स्टॅफिलोकोकस पंधरा-वीस टक्क्यांतही तग धरतो. सगळ्यांना एकच मीठ लावून चालत नाही.

जुनाजाणता | ५ मे, रात्री १०:०५

ठीक. आफ्रिकेचे मागे घेतो. शिओकाराचे घेणार नाही.

लेस्टरची मावशी | ६ मे, पहाटे २:१० (तुमच्याकडची)

रात्रपाळी संपवून लिहितेय. थंड रेडी-मील आणि स्लाइस केलेलं हॅम बनवणाऱ्या कारखान्यात मी बारा वर्षं आहे. इथे इंग्लंडमध्ये मीठ कमी करायचं म्हटलं की आधी एक आकडा काढतात : पाण्यातलं मीठ साडेतीन टक्के.

व्हॅक्यूम पॅकमध्ये हवा नाही, म्हणजे क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमला मोकळं रान. त्याची एक जात तीन अंश सेल्सिअसलाही वाढते, म्हणजे घरच्या फ्रिजमध्ये. म्हणून १९९२ च्या तज्ज्ञ अहवालापासून इथे हिशेब ठरलाय. शिजवलेला पॅक तीन ते आठ अंशांत ठेवून दहा दिवसांपेक्षा जास्त चालवायचा असेल तर थंडीच्या जोडीला आणखी काहीतरी दाखवा. एक तर ९० अंशाला दहा मिनिटं आतपर्यंत तापवलेलं असू दे, नाही तर पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) पाच किंवा खाली, नाही तर पाण्यात सगळीकडे साडेतीन टक्के मीठ, नाही तर वॉटर ॲक्टिव्हिटी ०.९७ किंवा खाली.

आता हॅममध्ये ७० टक्के पाणी धरा. २.६ टक्के मीठ असेल तर २.६ भागिले ७२.६, साडेतीनच्या जरा वर. मार्केटिंगवाले येतात, "दोन टक्के करा, लेबलवर आकडा कमी दिसेल." दोन भागिले ७२, म्हणजे २.८. पॅकवर कुणालाही काही दिसत नाही, वास नाही, रंग नाही, पण दहा दिवसांच्या पुढची तारीख टाकायचा हक्क गेला. मग एक तर तारीख कापा, नाही तर दुसरा अडथळा आणा. आमच्याकडे यावरून दर वर्षी एक मीटिंग तरी आवाज चढून संपते.

याच देशात १९८९ साली हेझलनट योगर्ट खाऊन २७ जणांना बोट्युलिझम झाला, एक दगावला. तिथे मीठ नाही, साखर काढली होती. हेझलनटच्या मिश्रणात साखरेऐवजी गोडव्याची पावडर घातली, आणि जितकं तापवलं तितकं बिनसाखरेच्या मिश्रणाला पुरलं नाही. चव तीच, गोडवा तोच, पाणी मात्र मोकळं. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच सांगते.

चिमूटभर | ६ मे, सकाळी १०:३०

सगळं वाचून काढलं, मुलाला शाळेत उशीर झाला. दोन प्रश्न. एक, कमी सोडियमचं मीठ मिळतं ते वापरून पाव किलो घातलं तर? दोन, लिंबाचं सोडा, सासूबाईंना लसणाचं लोणचं आवडतं. ते कमी मिठाचं करून वर भरपूर तेल सोडलं तर टिकेल ना? तेलाचं कारखानीस लिहिणार होते.

नाडीपरीक्षा | ६ मे, दुपारी १२:१५

पहिल्या प्रश्नाला मी उत्तर देतो, मी डॉक्टर आहे. त्या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घालतात. बीपीला त्याचा फायदा खरा आहे. चीनमध्ये ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर पाहिलं, ७५ टक्के नेहमीचं आणि २५ टक्के पोटॅशियमचं मीठ दिलं, पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी उतरलं. २०२१ साली ते प्रसिद्ध झालं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२५ च्या जानेवारीत अशा मिठाच्या बाजूने सल्ला दिला.

पण किडनी अधू असेल, किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील (ज्यांनी शरीरात पोटॅशियम साठतं), तर हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. रक्तातलं पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. सासूबाईंच्या गोळीचं नाव इथे टाकू नका, त्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

कारखानीस | ६ मे, दुपारी १:४०

डॉक्टरांना जोडून : पोटॅशियम क्लोराइडही पाणी तसंच बांधतं, पण कणाला कण मोजलं तर. त्याचा रेणू जड. ५८.५ ग्रॅम नेहमीच्या मिठाचं काम करायला ७४.५ ग्रॅम लागतं. वजनाला वजन बदललंत तर पाणी थोडं जास्त मोकळं राहतं. आणि फार घातलं की जिभेवर कडू, धातूसारखं लागतं. लोणच्यात मेथी आहेच, आणखी कडू कशाला.

आता लसूण. कृपया करू नका. हे मुद्दाम ठासून सांगतोय.

लिंबाचा पीएच दोन-सव्वादोन असतो. बोट्युलिनम ४.६ च्या खाली वाढत नाही. म्हणून तुमचं लिंबाचं लोणचं फेसाळलं, बिघडलं, पण त्यात ती भीती नव्हती. कैरीचंही तसंच. लसूण, गाजर, फ्लॉवर, ओली हळद, कमी आंबट मिरची यांचं तसं नाही. पीएच पाच-सहाच्या घरात. मातीतून आलेले बोट्युलिनमचे बीजाणू लसणावर असू शकतात, उकळत्या पाण्याने ते मरत नाहीत. घरी आपण तेल घालतो ते बुरशीला हवा मिळू नये म्हणून, आणि ते बरोबरच आहे. पण बोट्युलिनमला हवाच नको असते. आंबट नाही, मीठ कमी, वर तेलाचा तवंग, बरणी ओट्यावर : याहून चांगली सोय त्याची कुणी करणार नाही. आणि फेस येईल, वास येईल असं नाही. बरणी सुंदर दिसत राहू शकते.

१९८५ साली कॅनडात व्हँकुव्हरला तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणामुळे ३६ जणांना बोट्युलिझम झाला. १९८९ साली न्यूयॉर्क राज्यात पुन्हा तीन. त्यानंतर अमेरिकेत असा लसूण आंबट करूनच विकायचा असं ठरलं.

आपल्या जुन्या लसणाच्या लोणच्यात लिंबाचा रस आणि भरपूर मीठ का असायचं ते आता कळेल. दोन्हींतलं एक काढायचं असेल तर दुसरं वाढवा. मीठ कमी हवं तर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर एवढं की फोडी त्यात बुडून आतपर्यंत आंबट होतील, बरणी लहान, जागा फ्रिज, आणि आठवड्यात संपवायचं. खरं सांगू, मी असतो तर ताजी लसूण चटणी केली असती.

अपर्णा. | ६ मे, दुपारी २:००

माझ्या फ्रिजच्या दारात तेलातला लसूण आहे. होता.

सुकटबोंबील | ६ मे, दुपारी २:२०

अपर्णाताई, या धाग्याने तुमचं स्वयंपाकघर निम्मं रिकामं केलं.

चिमूटभर | १९ मे, रात्री ९:१५

लसूण रद्द केला. लिंबाचं पुन्हा केलं, दोन बरण्या.

पहिली : अर्धा किलो लिंबं, चाळीस ग्रॅम मीठ, वरून चार लिंबांचा रस, बारीक फोडी, थेट फ्रिजमध्ये. तेरा दिवस झाले, फेस नाही. पण मुरलं नाही हेही खरं. साल कडक आहे, चव कोशिंबिरीसारखी. मुलं खातात.

दुसरी : जुनाजाणतांच्या आईच्या प्रमाणाची, किलोला पाव किलो, ओट्यावर, दादरा बांधून. ती सासूबाईंनी स्वतः घातली, मला हात लावू दिला नाही.

नाडीपरीक्षा | १९ मे, रात्री १०:००

दुसऱ्या बरणीचं गणित करून द्या त्यांना. सव्वा किलोत पाव किलो मीठ, म्हणजे वजनाचा पाचवा हिस्सा. दहा ग्रॅमची फोड म्हणजे दोन ग्रॅम मीठ. दिवसाच्या पाचातले दोन एका फोडीत गेले.

जुनाजाणता | १९ मे, रात्री १०:३०

बहिणीला फोन करून विचारले. ती म्हणाली, आई लोणचे वाढताना फोडीचे चार तुकडे करायची आणि एका माणसाला एकच तुकडा मिळायचा, दुसरा मागितला तर डोळे वटारायची. मला वाटायचे चिक्कूपणा.

चिमूटभर | २० मे, सकाळी ८:५०

आत्ता काट्यावर एक फोड ठेवून पाहिली. अकरा ग्रॅम. कात्रीने चार केल्या. सासूबाईंना जुनाजाणतांच्या आईचं सांगून म्हटलं, दिवसाला एक. त्या म्हणाल्या, "ही तुझी आई होती का माझी?"